राखण: नाशिकच्या परसांचा आणि फडांचा इतिहास

नाशिक जिल्ह्यातला परस, मळा किंवा शेत एका रात्रीत उकरून टाकणारी जनावरे प्रामुख्याने तीन: घूस, साळिंदर आणि रानडुक्कर. तिघांची उकरण्याची तऱ्हा वेगळी, आवडीची जमीन वेगळी आणि म्हणून त्यांच्यापासून राखण करण्याचे उपायही वेगळे. या जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावर, पावसात भिजलेला; पूर्वेकडे येवला-सिन्नरकडे उतरत गेले की पाऊस कमी, माळरान जास्त. मधल्या पट्ट्यात गोदावरी, दारणा आणि कादवेच्या काळ्या जमिनी. त्यामुळे एकाच जिल्ह्यात राखणीचे तीन-चार प्रकार शेजारी शेजारी नांदत आले.

घूस गावाची रहिवासी आहे. मोठी घूस किलोभर वजनाची होते आणि घराचे जोते, उकिरडा, मोरी, जुन्या भिंतीचा पाया अशा जागी बीळ धरते. तिच्याहून लहान असलेली शेतातली घूस जास्त महाग पडते, कारण ती कणसे तोडून बिळात साठवते. एकेका बिळातून काही किलो धान्य निघाल्याचे शेतकऱ्यांना नवल नसते. मराठी मुलखात गावठाणाला पांढरी आणि शेतजमिनीला काळी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या भिंती, राख आणि शेणमाती साचून झालेली पांढरी भुसभुशीत असते. घुशीला याहून सोयीची जमीन मिळणार नाही.

साळिंदर, म्हणजेच साळू किंवा सायाळ, डोंगरकपारीत आणि ओढ्याच्या काठावर राहते. वजन अकरा ते अठरा किलो, दात कृंतकाचे, वावर निव्वळ रात्रीचा. भुईमूग, रताळी, बटाटा, मका ही त्याची आवडती पिके. ती मिळाली नाहीत तर फळझाडांच्या बुंध्याची साल सोलून काढते आणि झाड उभ्या उभ्या वाळते. याच प्राण्याला धर्मविधीत मात्र मानाचे स्थान आहे. गृह्यसूत्रांत सांगितलेल्या सीमंतोन्नयन संस्कारात गर्भवती पत्नीचा भांग पती ज्या साधनांनी पाडतो, त्यांत कच्च्या उंबरांच्या घोसाबरोबर तीन पांढऱ्या ठिपक्यांचा साळूचा काटा आहे. शेतात काटा सापडला म्हणजे नुकसान झाले हे उघड. तरी तो काटा पुष्कळ घरांत जपून ठेवला जाई.

रानडुकराला नांगराची उपमा देण्याची गरज नाही, काम तेच आहे. कळप सोंडेने वाफे उलथत जातो. खाण्यापेक्षा लोळण्याने आणि तुडवण्याने जास्त नासाडी होते. मादीला एका वेळी चार-सहा पिल्ले होतात आणि वाघ-बिबट्यांचे प्रमाण घटले की कळप वाढायला वेळ लागत नाही.

या तिघांच्या पापाचे धनी अधूनमधून चौथ्याला व्हावे लागते. खवले मांजर वारुळे आणि मुंग्यांची घरे फोडते, बांध उकरते, पण पिकाला तोंड लावत नाही. त्याला दातच नसतात. वाळवी खाणारे हे जनावर शेतकऱ्याच्या उपयोगाचे आहे. अमेरिका खंडात आर्माडिलो नावाचा कवचधारी प्राणी घरासमोरची हिरवळ अळ्यांसाठी उकरतो, म्हणून तिकडच्या घरमालकांची त्याच्याशी कायमची भांडणे आहेत. दिसायला दोघे एकमेकांचे भाऊबंद वाटतात. प्राणिशास्त्रात त्यांचे नाते दूरचे आहे. आर्माडिलो भारतात नाही. खवले मांजराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे, संरक्षण आहे. तरी खवल्यांच्या चोरट्या व्यापाराने ते सह्याद्रीत दुर्मीळ झाले.

पीक राखण्याचे नियम भारतात फार जुने आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावाभोवती गायरान सोडण्यास सांगून लगेच कुंपणाचे माप दिले आहे: उंटाला पलीकडचे दिसू नये इतके उंच, आणि कुत्र्याचे किंवा डुकराचे तोंड शिरेल असे एकही भोक नसलेले. त्याच ठिकाणी आणखी एक नियम आहे. गायरानालगतच्या शेताला कुंपण नसेल आणि गुरांनी पीक खाल्ले, तर राजाने गुराख्याला दंड करू नये. राखणीची जबाबदारी इथे सरळ पीक लावणाऱ्यावर टाकलेली आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राने उंदरांना अग्नी, पूर आणि दुष्काळ यांच्या पंक्तीला बसवले आहे. उपाय व्यवहारी आहेत. मांजरे आणि मुंगसे सोडावीत, त्यांना पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला बारा पण दंड करावा, स्नुहीच्या म्हणजे निवडुंगाच्या चिकाने माखलेले धान्य टाकावे, गरज पडल्यास लोकांवर उंदीर-कर बसवून ठरावीक उंदीर आणून घ्यावेत. शेवटी पर्वाच्या दिवशी उंदरांची पूजाही करावी. विष आणि पूजा एकाच परिच्छेदात सांगणाऱ्या ग्रंथकाराला माणसांचा स्वभाव नीट ठाऊक असावा.

नाशिकपुरता विचार केला तर पांडवलेण्यांतले शिलालेख शेतीच्या कहाणीत डोकावण्याची खिडकी उघडतात. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्यवर्ष अठरामध्ये पश्चिम कखडी गावातले, पूर्वी क्षत्रप राजवटीतल्या उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तनांचे (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना दिले. सहाच वर्षांनी, राज्यवर्ष चोवीसमध्ये, दुसरा लेख कोरावा लागला. कखडी गाव वसत नाही आणि शेत कसले जात नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या मालकीच्या शेतातली शंभर निवर्तने द्यावीत, असा तो हुकूम आहे. गाव का ओस पडले याचा खुलासा लेखात नाही. पण वस्ती उठली की शेत पडीक होते, एवढे त्यातून स्पष्ट दिसते. शेताबरोबर दिलेल्या सवलतींत एक गमतीची आहे: राजाच्या माणसांनी तिथे शिरू नये आणि मिठासाठी जमीन खणू नये. त्या काळच्या शेताला उकरणाऱ्यांचे भय केवळ चार पायांच्या जनावरांपुरते नव्हते.

पुढच्या काळात राखण ही गावगाड्याची बाब झाली. गावकुसाच्या आत घरे, बाहेर काळी, आणि दोन्हीवर लक्ष ठेवणारी वतनदार किंवा बलुतेदार माणसे. नाशिक आणि खानदेशात भिल्ल आणि कोळी समाजातले जागले रात्रीचा पहारा करीत. गावाच्या हद्दीची माहिती आणि पाहणी महारांकडे असे. या माणसांना कष्टाच्या मानाने मिळणारा वाटा तुटपुंजा होता आणि समाजातले स्थान त्याहून खालचे. पिकाची सुरक्षितता ज्यांच्या जागरणावर अवलंबून होती, त्यांनाच गावकुसाबाहेर राहावे लागत असे. गावगाड्याच्या कौतुकात ही बाजू सहसा गाळली जाते.

राखणीची सर्वांत शिस्तबद्ध व्यवस्था बागलाण आणि कळवण भागातल्या फड पद्धतीत आढळते. मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर आणि धुळ्याकडे पांझरेवर गावकऱ्यांनी दगडी बंधारे घातले, तिथून पाट काढले आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागली. ही पद्धत काही शतकांची आहे. एका फडात त्या हंगामाला एकच पीक: एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही, आणि पाळीपाळीने बदल. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असे. पाणीवाटपासाठी गावाने हवालदार आणि पाटकरी नेमलेले असत. त्यांच्याच बरोबरीने जागल्या असे. गुरे, रानटी जनावरे आणि चोर यांच्यापासून उभा फड राखणे हे त्याचे काम. मेहनताना पिकाच्या रूपात, सुगीला, सर्वांकडून.

या व्यवस्थेतले शहाणपण पाण्यापेक्षा राखणीत जास्त दिसते. वीस जणांची वीस पिके असतील तर प्रत्येकाची राखणीची वेळ वेगळी. कुणाचा भुईमूग काढणीला तर कुणाचा हरभरा घाट्यावर. फडात सगळ्यांचे पीक एकदमच पिकते, एकदमच कापले जाते. रात्री जागण्याचे दिवस मोजके राहतात आणि सलग क्षेत्राची बाहेरची कड वेगवेगळ्या तुकड्यांच्या बांधांपेक्षा कितीतरी कमी भरते. एका माणसाला ती फिरून बघता येते. फडाच्या अभ्यासकांनी पाण्याच्या समन्यायी वाटपावर पुष्कळ लिहिले आहे. जागल्याकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी या पश्चिमेच्या तालुक्यांत असा फड बसणे शक्य नव्हते. डोंगरउतारावरची नागली, वरई, खुरासणी आणि खाचरातला भात, असे तुकडे रानाला लागून. तिथे राखण घरटी होती. कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबे पीक पोटरीत आले की शेतातच मुक्काम हलवीत. चार खांबांवर माळा बांधायचा, वर गवताचे छप्पर, खाली धुमसती शेकोटी. दिवसा पाखरांसाठी गोफण, रात्री जनावरांसाठी आरोळ्या आणि डबे. गोफणीचा दगड पोपटांचा थवा उठवतो, पण रानडुकराला तो लागलाच तरी फारसे काही वाटत नाही. त्याच्यासाठी कुत्री, आग आणि माणसांची वस्ती लागते. राखणीचे निम्मे काम बायका आणि मुले करीत. ते कामच होते, हे हिशेबात धरण्याची रीत तेव्हाही नव्हती आणि नंतरही आली नाही.

याच पट्ट्यात आणि लगतच्या डांगात वाघदेवाचे लाकडी किंवा दगडी खांब शिवेवर उभे दिसतात. त्यांवर वाघ, नाग, चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. आश्विन वद्य द्वादशीला, देशावर ज्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते, त्या दिवशी या भागात वाघबारस साजरी होते. गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवून गुरे राखण्याचे साकडे घालतात. भात आणि नागली कापणीला येण्याचा हाच काळ. वाघ गुरांना मारतो, पण डुकरांनाही मारतो, हे शेतकऱ्याला पाठ्यपुस्तकावाचून माहीत होते.

घुशीच्या बाबतीत गावाला आणखी एका समाजाचा आधार होता. काथोडी अथवा कातकरी लोक बिळाच्या तोंडाशी पडलेल्या ओल्या मातीवरून घूस आत आहे की नाही हे ओळखतात, पळवाटा बुजवून धूर देतात किंवा खणून तिला बाहेर काढतात. घूस त्यांच्या आहारात, बिळातले धान्य त्यांच्या कणगीत. मालकाला रान मोकळे मिळे. पैशाची देवघेव न होता दोन्ही पक्षांचा फायदा करणारा हा व्यवहार विषारी गोळ्या स्वस्त होताच मोडीत निघाला.

कुंपणाचा इतिहास राखणीच्या इतिहासाहून थोडा निराळा आहे. सर्वांत साधे कुंपण बोरी-बाभळीच्या तोडलेल्या काटेरी फांद्यांचे. ते दरवर्षी नवे करावे लागते, कारण उन्हाळ्यात सरपण म्हणून तेच चुलीत जाते. परसाला कारवीचा किंवा बांबूचा कूड, श्रीमंताच्या मळ्याला दगडी पौळ. त्यापेक्षा टिकाऊ म्हणजे जिवंत वई. शेर, साबर, करवंद, सागरगोटा, चिल्हार, विलायती चिंच, मोगली एरंड, घायपात, अडुळसा, निरगुडी ही वईची झाडे. यांतल्या निवडीमागे तर्क आहे. मोगली एरंड आणि अडुळसा यांना गुरे-शेळ्या तोंड लावत नाहीत. चिल्हार व सागरगोट्याचे वाकडे काटे कातडीत अडकतात. शेर-साबराचा चीक डोळ्यांत गेला तर जनावर पुन्हा त्या वाटेला येत नाही. घुशीला मात्र कोणतीही वई अडवू शकत नाही. उलट वईच्या मुळांत तिला आयता आडोसा मिळतो.

याचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण फड्या निवडुंगाने घालून दिले. मूळची अमेरिकेतली ही वनस्पती युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आली. एक पान खोचले की काही वर्षांत अभेद्य भिंत तयार, त्यामुळे गावकुसाभोवती आणि शेताच्या बांधावर ती झपाट्याने पसरली. कुंपण म्हणून इंग्रज सरकारलाही ती आवडली. मिठावरची जकात कोणी चुकवू नये म्हणून अटकेजवळून थेट खानदेशच्या सीमेवरच्या बऱ्हाणपुरापर्यंत आखलेल्या जकातरेषेवर बाभूळ, करवंद, निवडुंग यांची शेकडो मैल लांब वई वाढवण्यात आली होती. ए. ओ. ह्यूम, ज्यांचे नाव पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी जोडले गेले, ते काही काळ या जकात खात्याचे प्रमुख होते. १८७९ मध्ये ती रेषा रद्द झाली आणि वई मोडली.

गावांभोवतीची निवडुंगाची भिंत मात्र वाढतच गेली. तिच्या आत उंदीर, घुशी, साप, मुंगसे, कोल्हे आणि डुकरे सुखाने नांदू लागली. तिथे माणसाचा हात पोहोचत नाही, कुत्रेही शिरत नाही. पिकाच्या रक्षणासाठी लावलेली वई पीक खाणाऱ्यांचीच गढी झाली. गावठाणाची जमीन गिळून ती घरांच्या मागच्या दारापर्यंत आली आणि दख्खनच्या गावांतल्या अस्वच्छतेचे खापर सरकारी अहवाल तिच्यावर फोडू लागले. तोडून जाळून ती संपत नव्हती. शेवटी ती संपवली एका किड्याने. कोचिनील किड्यांच्या एका जातीचा उपयोग निवडुंगाची एक जात हटवण्यासाठी एकोणिसाव्या शतकातच झाला होता, पण फड्यावर तो चालला नाही. त्यासाठी दुसरी जात श्रीलंकेमार्गे १९२६ च्या सुमारास दक्षिण भारतात आणली गेली. पांढऱ्या कापसासारखे पुंजके फड्यावर दिसू लागले आणि थोड्याच वर्षांत मैलोन्‌मैल पसरलेली रानेच्या राने आडवी झाली. दख्खनमधल्या गावांनी पुन्हा मोकळा श्वास घेतला. त्याचबरोबर अनेक शेतांचे फुकटचे कुंपणही गेले.

इंग्रजी अमदानीतल्या तीन कायद्यांनी राखणीची घडी बदलली. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने गावोगाव कोंडवाडे आले. पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याने धरून कोंडवाड्यात घालावे आणि मालकाने दंड भरून सोडवावे. मनुस्मृतीतला भार इथे उलटला: कुंपण घातले नाही म्हणून पीकवाला दोषी नाही, गुरे मोकाट सोडली म्हणून गुरांचा मालक दोषी. गावात भांडणे वाढली हे खरे, पण पाळीव जनावरांपुरता प्रश्न पुष्कळसा सुटला. रानटी जनावरांना मालक नसतो, त्यामुळे तिथे या कायद्याचा काही उपयोग नव्हता.

१८७८ मध्ये दोन कायदे पाठोपाठ झाले. हत्यारांच्या कायद्याने बंदूक बाळगायला परवाना लागू लागला. वनांच्या कायद्याने रानाचे मोठे भाग राखीव झाले आणि गावाच्या रानावरच्या वहिवाटीला कात्री लागली. म्हणजे जनावरांचे रान सरकारचे, ते पिकात आले तर नुकसान रयतेचे, आणि हाकलण्याचे हत्यार पुन्हा सरकारच्या परवानगीचे. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर जे कोरडे ओढले आहेत, त्यांच्यामागे हीच कोंडी आहे. १९३० च्या सविनय कायदेभंगात बागलाणात जंगल सत्याग्रह झाला, तो मुख्यतः चराई आणि सरपणासाठी. पण रानाच्या कडेला शेती करणाऱ्यांच्या रागाला राखणीचाही कंगोरा होता असे मानायला हरकत नाही.

शहरात प्रश्न वेगळ्या रूपात आला. नाशिकची नगरपालिका १८६४ ची. पंचवटी आणि जुन्या नाशकातले वाडे दगडी जोत्यांचे, वर विटा-माती आणि लाकूड, परसात विहीर, गोठा, केळी, अळू आणि फुलझाडे. सांडपाण्याच्या मोऱ्या आणि गोठ्यातली पेंड यांमुळे घुशींची चैन होती. त्यांच्यावरचा घरगुती उपाय म्हणजे बिळात फुटक्या काचा आणि खडी ठासून वर चुन्याचा गिलावा. नवे जोते भरताना मातीत काचांचा थर देण्याची पद्धत यातूनच आली. मिरचीचा धूर आणि बिळात पाणी ओतणे हेही चाले, पण पाण्याने घुशीआधी भिंतच खचण्याची भीती.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती नाशिक भागात पोहोचली. तोपर्यंत घूस आणि उंदीर हे धान्याचे चोर होते. आता त्यांच्याकडे मृत्यूचे दूत म्हणून पाहिले जाऊ लागले. उंदीर मरून पडू लागले की लोक घरे सोडून रानात झोपड्या बांधत. वि. दा. सावरकरांचे वडील, भगूरचे दामोदरपंत सावरकर, १८९९ मध्ये याच साथीत गेले आणि त्यांची मुले नाशकात राहायला आली. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत उंदराच्या पिसवांचा संबंध दाखवला होता, पण तो सर्वमान्य व्हायला वेळ लागला. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या पद्धतशीर संशोधनाने तो पक्का झाला. तिथून उंदीर मारणे हे नगरपालिकांचे काम बनले. मुंबई महानगरपालिकेत रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारे कर्मचारी नंतरही राहिले, ते त्याच धोरणाचे अवशेष. गावच्या जागल्याचे एक शहरी रूप त्यांच्यात पाहता येते.

विसाव्या शतकात नाशिकच्या शेतीचे रूप पालटले. १९२५ साली ओझरला रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड सुरू केली असे मानले जाते. पुढच्या काही दशकांत निफाड आणि दिंडोरी तालुके द्राक्षांनी भरून गेले. गोदावरीच्या कालव्यांवर ऊस, सटाणा-मालेगाव-देवळ्याकडे डाळिंब, सगळीकडे कांदा आणि मका. विहिरींवर विजेचे पंप बसले तसा शेतकरी गावठाण सोडून मळ्यात राहायला गेला. घर शेतातच आल्याने परस आणि शेत यांची सीमा पुसली गेली. राखण सोपी व्हायला हवी होती. पण गावाने मिळून ठेवलेला जागल्या या वस्त्यांना मिळाला नाही. ज्याचा मळा त्याची राखण, असा नवा नियम आपोआप पडला.

नव्या पिकांनी जनावरांचेही दिवस बदलले. ऊस वर्षभर उभा असतो, दाट असतो आणि त्यात पाणी असते. रानडुकरांना डोंगर गाठण्याची गरज उरली नाही. त्यांच्या मागे बिबटेही उसात आले आणि निफाडच्या मळ्यांत पिल्ले वाढवू लागले. वस्तीवर राखणीला ठेवलेली कुत्री बिबट्याच्या तोंडी जाऊ लागली, त्यामुळे डुकरांना हुसकावणारा एक गडी कमी झाला. द्राक्षबागेत पाखरे, वटवाघळे आणि कोल्हे यांचा त्रास आहे; आंबट द्राक्षांची म्हण रचणाऱ्याने पिकलेली बाग पाहिली नसावी. ठिबकच्या नळ्या उंदीर आणि खारी कुरतडतात. पाण्याच्या शोधातला उंदीर आणि पाणी वाचवणारा शेतकरी यांची ही गाठ ठिबक येण्याआधी नव्हती.

विषांचा वापर याच काळात घरोघर पोहोचला. पूर्वी सोमल आणि कुचला ही विषे जाणकाराच्या हातीच असत. आता झिंक फॉस्फाइडची काळी भुकटी आणि मग ब्रोमाडिओलोनचे तयार ठोकळे कृषी सेवा केंद्रात मिळू लागले. झिंक फॉस्फाइडची अडचण अशी की थोडेसे खाऊन आजारी पडलेली घूस पुन्हा त्या आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस साधे धान्य तेल लावून ठेवायचे आणि सवय लागल्यावर विष मिसळायचे. ब्रोमाडिओलोन रक्त गोठू देत नाही आणि परिणाम काही दिवसांनी होतो, त्यामुळे संशय येत नाही. पण मेलेली घूस खाणारे घुबड आणि मांजर त्याच विषाने मरतात. कौटिल्याने ज्या मांजर-मुंगसांना दंडाचे संरक्षण दिले, त्यांचीच यात आहुती पडते.

हत्यारांचा कायदाही नव्याने झाला. १९५९ च्या कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मात्र बंदूक असली तरी ती कोणावर चालवायची हा प्रश्न सरकारी परवानगीचा केला. उंदीर मूळ कायद्यात उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होते, त्यामुळे त्यांना मारायला आडकाठी नव्हती. साळिंदर चौथ्या अनुसूचीत होते. रानडुकरालाही संरक्षण मिळाले. उभ्या पिकाला धोका असेल तर शिकारीची परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाला किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला कलम ११ ने दिला आहे, पण अर्ज, पंचनामा आणि परवानगी होईपर्यंत भुईमूग संपलेला असतो. नुकसानभरपाईची वाटही पंचनाम्यातूनच जाते.

त्यामुळे खरी भिस्त पुन्हा कुंपणावर आली. काटेरी तार अमेरिकेत १८७४ मध्ये पेटंट झाली. नाशिकच्या मळ्यांत तारकंपाउंड सर्रास दिसू लागले ते द्राक्षाचा पैसा हाती आल्यावर. गुरांना ती अडवते. डुक्कर तिच्याखालून घुसते आणि साळिंदर तर काही तक्रारच करीत नाही. चेनलिंक जाळी जमिनीवर नुसती टेकवली तरी तेच होते. जाळीचा खालचा फूटभर भाग चरात पुरून बाहेरच्या बाजूला वळवला तर उकरणारे जनावर जाळीवरच खणत बसते. आर्माडिलोच्या मुलखातही हाच उपाय सांगितला जातो. घुशीसाठी याहून बारीक, अर्ध्या इंची जाळी आणि पायाशी काँक्रीट लागते. परसातल्या चार वाफ्यांना हे परवडते, एकरभर मक्याला नाही.

ज्यांच्या खिशाला जाळी परवडत नाही त्यांनी जुन्या साड्यांची कुंपणे केली. शेताच्या कडेने खुंट्यांना बांधलेले रंगीत कापड वाऱ्याने हलते आणि डुकरे काही दिवस बिचकतात. सवय झाली की तेही संपते. केस पसरणे, उग्र वासाची औषधे फवारणे, रात्रभर रेडिओ लावणे या उपायांचेही आयुष्य आठ-पंधरा दिवसांचेच.

झटका मशीन त्या मानाने चालते. सौर पट्टीवर चार्ज होणारी बारा व्होल्टची बॅटरी, तिला जोडलेले यंत्र आणि शेताभोवती दोन-तीन पदरी उघडी तार. यंत्र साधारण सेकंदाला एक असा क्षणभराचा, उच्च दाबाचा पण अल्प ऊर्जेचा झटका सोडते. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. तारेखालचे गवत वाढून तारेला लागले की दाब गळतो, म्हणून ते सतत कापावे लागते. सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर नसेल तर साळिंदर आणि डुकराची पिल्ले खालून निघून जातात. याचे स्वस्त आणि बेकायदा रूप म्हणजे घरच्या मेन लाइनचा प्रवाह थेट तारेत सोडणे. त्यात जनावर मरते आणि पहाटे बांधावरून जाणारी माणसेही मरतात. पिठात लपवलेल्या गावठी बॉम्बचेही तसेच. तो डुकरासाठी ठेवलेला असतो, जबडा फुटतो तो शेजाऱ्याच्या गाईचा.

महाराष्ट्र शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत वनालगतच्या गावांसाठी सौर कुंपणाला अनुदान आहे. ते बहुतांशी एकेका शेतकऱ्याला मिळते. एकाने कुंपण घातले की कळप शेजारच्या उघड्या शेतात उतरतो आणि पुढच्या हंगामात शेजारीही अर्ज करतो. सलग शिवाराला एकच कुंपण घालायचे तर तारेची लांबी निम्म्याहून कमी लागेल. मात्र त्यासाठी बॅटरी कोणी जपायची, गवत कोणी कापायचे आणि त्या माणसाचा पगार कोणी द्यायचा, हे गावाला आधी ठरवावे लागते.